टोकाच्या दोन खुर्च्या

वहिनींचा हिशेब चुकला ही बातमी इमारतीत पसरली तेव्हा तळमजल्यावरच्या इस्त्रीवाल्याने ती दोनदा विचारून घेतली. "कुठल्या वहिनी? आपल्या?" आपल्याच. नोंदणी कार्यालयात मुख्य लिपिक असलेल्या, सहलीला निघताना परतीच्या प्रवासातल्या पाण्याच्या बाटल्याही मोजून घेणाऱ्या, आणि सख्ख्या दिरापासून रखवालदारापर्यंत सगळ्यांच्या वहिनी असलेल्या वहिनी. नवऱ्याला त्या 'अहो' म्हणत, आणि इतक्या वेळा म्हणत की इमारतीतली निम्मी माणसं त्या गृहस्थांना मनातल्या मनात 'अहो' याच नावाने ओळखत असत.

सुरुवात झाली ती सासूबाईंपासून. आईंना पंचाहत्तर वर्षं पूर्ण होणार होती. वहिनींनी महिनाभर आधीच विचारलं, "आई, काय हवंय तुम्हाला?"

"काही नको."

"असं कसं? काहीतरी सांगा. मला नियोजन करायला बरं."

आईंनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. "मग एक कर. सगळ्यांना एका टेबलावर जेवायला बसव. एकाच. एकदम. कुणी मागून जेवायचं नाही, कुणी आत जाऊन उरकायचं नाही. जन्मभर मी सगळ्यांचं झाल्यावर ओट्याशी उभी राहून जेवले. गरम घास कसा लागतो ते मी इतरांना विचारून घेतलंय."

हे त्या हसत म्हणाल्या, पण वहिनींच्या काळजात कुठेतरी लागलं. सासूबाईंनी एवढ्या वर्षांत मागितलेली ही पहिलीच गोष्ट, आणि ती साडी नाही, दागिना नाही, यात्रा नाही. एक लांब टेबल. वहिनींनी तिथल्या तिथे शब्द दिला. एवढं साधं काम आपल्या हातून होणार नाही, असं त्यांच्या मनातसुद्धा आलं नाही. मोठी माणसं पडतात ती अशाच सपाट जागी.

आधी माणसं मोजली. वहिनी बोटांवर मोजत आणि 'अहो' मान डोलावत. "घरचे तीन: तुम्ही, आई आणि आपली लेक. मग दिरांकडचे, दोन्ही नणंदांकडचे, आईंच्या मैत्रिणी, त्यातल्या एकीला ऐकू येत नाही म्हणून तिची सून, समोरचे पूलवाले, वरच्या मावशी..." तीनदा मोजले. तिन्ही वेळा बेचाळीस. वहिनींचा आकडा तीन वेळा सारखा आला म्हणजे मग सूर्यसुद्धा त्यावर वेळ लावून घेई.

चौकापलीकडच्या सभागृहात जेवणाची टेबलं होती. एका टेबलाला सहा माणसं: लांब बाजूंना दोन-दोन, आणि दोन्ही टोकांना एकेक. "बेचाळीस भागिले सहा," वहिनी म्हणाल्या, "सात. बाकी शून्य!" बाकी शून्य आली की त्यांचा चेहरा असा उजळे, जसा इतर बायकांचा नवऱ्याने आपण होऊन भांडी घासली की उजळतो. लगेच सभागृहाच्या व्यवस्थापकाकडे सात टेबलं आणि बेचाळीस खुर्च्यांचा अर्ज गेला.

हा व्यवस्थापक म्हणजे बारीक मिशीचा, तोंडी बोलण्याचा तिटकारा असलेला मनुष्य होता. 'पंखा लावता का' असं विचारलं तरी 'लेखी द्या' म्हणेल असा. वहिनींना तो पहिल्या भेटीतच आवडला होता. समानधर्मी माणूस भेटतो कुठे हल्ली!

अर्ज मंजूर झाला, तेव्हा नवराबायको जागा पाहायला गेले. टेबलं भिंतीशी उभी होती. वहिनींनी नमुन्यादाखल दोन टेबलं टोकाला टोक लावून जोडायला लावली आणि 'अहों'ना म्हणाल्या, "फिरा बरं भोवतीने. मोजा."

'अहो' फिरले. "दहा."

"बारा."

"दहाच होतात गं."

"नीट फिरा."

ते नीट फिरले. दहा. वहिनी स्वतः फिरल्या. दहा. त्यांनी टेबलं वेगळी केली: इकडे सहा, तिकडे सहा. जोडली: दहा. परत वेगळी केली. व्यवस्थापक दारात उभा राहून पाहत होता.

"दोन माणसं जातात कुठे?" वहिनींनी त्याला असं विचारलं, जणू त्याने ती कोठीत लपवली आहेत.

"आजवर कुणाची तक्रार नाही," तो म्हणाला. "असल्यास लेखी द्या."

दोन टेबलांची टोकं एकमेकांना भिडली की त्या टोकांवरच्या दोन खुर्च्या जातात, हे 'अहों'च्या लक्षात आलं होतं. पण लग्नाला चोवीस वर्षं झालेल्या माणसाला कुठल्या क्षणी काय लक्षात येऊ द्यायचं नाही हेही कळतं. ते खिडकीबाहेर पाहत राहिले. वहिनींनाही ते दिसलंच, जरा उशिरा. त्या कानापर्यंत लाल झाल्या.

"ठीक आहे," परतीच्या वाटेवर त्या म्हणाल्या. "दोन टेबलांना दहा. म्हणजे टेबलामागे पाच. बेचाळीस भागिले पाच, आठ आणि वर दोन उरतात. म्हणजे नऊ टेबलं. झालं."

दुसऱ्या दिवशी दुसरा अर्ज. व्यवस्थापकाने सातच्या अर्जावर 'रद्द' असा शिक्का मारला आणि नऊचा अर्ज बराच वेळ उजेडात धरला. "यापुढे बदल होणार नाही ना?" त्याने विचारलं. हा प्रश्न वहिनी स्वतः रोज कार्यालयात लोकांना विचारत. तो दुसऱ्याच्या तोंडून ऐकताना कसा लागतो, ते त्यांना त्या दिवशी कळलं.

एवढ्यावर थांबतील तर त्या वहिनी कसल्या? एकदा पोळलेल्या बाईने खात्री करून घ्यायची ठरवली. रविवारी दुपारी त्यांनी कपाटातून साबणाच्या वड्या काढल्या. सवलत दिसली की साबण घ्यायचा, हा त्यांचा नियम. त्या साठ्यावर एखाद्या लहान राष्ट्राने निश्चिंतपणे दहा वर्षं आंघोळ केली असती. साबण ही टेबलं. बटणांच्या डब्यातली बटणं ही माणसं. कोटाचं मोठं तपकिरी बटण म्हणजे आई, काळं चपटं म्हणजे 'अहो', मोत्यासारखं म्हणजे लेक. आई शेजारी बसून कौतुकाने पाहत होत्या.

"पूलवाले कुठले?"

"हे, पितळी."

"शोभतंय. आणि तू?"

"मी कशाला? मी मांडतेय ना," वहिनी म्हणाल्या आणि तिसरा साबण जोडला.

"हं," आई म्हणाल्या. आईंच्या 'हं'मध्ये बरंच काही मावत असे, पण वहिनी कामात होत्या.

कामात असण्यासारखंच घडलं होतं. तीन साबणांभोवती पंधरा बटणं बसायला हवी होती. बसली चौदा. मोत्याचं बटण हातात उरलं. "आता तू कुठे जेवणार गं?" असं वहिनी त्या बटणाला खरोखरच म्हणाल्या. चार साबण जोडले तर वीस हवीत, बसली अठरा. टेबलामागे सहा खोटं, टेबलामागे पाचही खोटं. नऊच टेबलं राहिली असती, तर ऐन वेळी कुणीतरी माणसं ताट हातात घेऊन भिंतीशी उभी राहिली असती, आणि आईंनी ती पाहिली असती.

त्यांनी जुन्या कॅलेंडरचं पान उलटं केलं आणि दोन रकाने पाडले. एका बाजूला टेबलं, दुसऱ्या बाजूला माणसं. एकाला सहा, दोनाला दहा, तीनाला चौदा, चाराला अठरा. आणि त्या कागदाकडे तोंडावर हात ठेवून बघत बसल्या.

तेवढ्यात समोरचे पूलवाले आले. हे निवृत्त इंजिनीअर. नोकरीत पूल बांधले आणि निवृत्तीनंतर सल्ले. त्यांनी उभ्या उभ्या कागद वाचला.

"सोपं आहे, वहिनी. सहा, दहा, चौदा, अठरा. दर टेबलाला चार वाढतात. म्हणजे टेबलामागे चार! बेचाळीस भागिले चार, साडेदहा. अर्धं टेबल मिळत नाही. अकरा मागवा आणि झोपा शांत."

चार वाढतात हे वहिनींनाही दिसलं होतं. इंजिनीअर म्हणतोय म्हणजे असेल, म्हणून त्यांनी सभागृहाला फोन लावला.

"अकरा टेबलं मिळतील का?"

"सभागृहात दहा आहेत."

"आणि अकरावं?"

"अकरावं नाही, हे लेखी हवंय का?"

फोन ठेवून वहिनी खुर्चीत बसल्या त्या बसल्याच. एक टेबल कमी. दुसऱ्या सभागृहात टेबलं गोल होती, तिसऱ्यात तारीख नव्हती. वरच्या मावशी साखर मागायला आल्या होत्या, त्या साखर विसरून सल्ला द्यायला बसल्या. "एवढं डोकं कशाला शिणवतेस? हल्ली सगळीकडे उभ्यानेच असतं. ताटली हातात घ्यायची, बोलत बोलत, फिरत फिरत जेवायचं. छान वाटतं."

आतल्या खोलीतून आईंचा आवाज आला. "उभ्याने मी पन्नास वर्षं जेवले. ओट्यापासून दारापर्यंत फिरतसुद्धा होते."

मावशींना एकदम साखर आठवली.

त्या संध्याकाळी वहिनी कागद पुढ्यात घेऊन बसल्या. 'अहों'नी चहा करून पुढे ठेवला, तो निवला. इथे दुसरी एखादी असती तर दोन टेबलं वेगळी मांडून मोकळी झाली असती, आणि आईंनीही चालवून घेतलं असतं. आईंनी आयुष्यभर चालवूनच घेतलं होतं. नेमकं तेच वहिनींना नको होतं. म्हणून सांगते, या बाईच्या नियोजनाला हसणाऱ्यांनी हसावं, पण जरा उभं राहून हसावं.

त्यांना टोचत होतं ते वेगळंच. पूलवाल्यांचं चार जर खरं, तर एका टेबलाला चारच माणसं बसायला हवीत. बसतात सहा. दोन टेबलांना आठ हवीत, बसतात दहा. तीनाला बारा, बसतात चौदा. चाराला सोळा, बसतात अठरा. त्यांनी कॅलेंडरच्या पानावर तिसरा रकाना पाडला आणि दर ओळीत जादा माणसं लिहिली. दोन. दोन. दोन. दोन.

आता हे नोंदणी कार्यालयातल्या बाईला विचारा. दर पानावर दोन माणसं जादा निघत असतील, तर ती दर पानावर नवी नसतात. तीच दोन असतात, आणि ती पहिल्या पानापासून तिथे बसलेली असतात.

"कोण आहात रे तुम्ही दोघं?" वहिनी साबणांना म्हणाल्या.

'अहो' वर्तमानपत्रामागे बसले होते ते तसेच बसून राहिले. शहाण्यासारखे.

वहिनींनी चार साबणांची रांग पुन्हा मांडली, बटणांसकट. मग ती मधोमध अलगद फोडली, दोन-दोन साबण दोन्हीकडे सरकवले, आणि मधल्या जागेत पाचवा साबण बसवला. त्याच्या दोन्ही बाजूंना दोन-दोन बटणं ठेवली. चार नवी. बाकी कुणालाही उठावं लागलं नाही. आणि रांगेच्या दोन टोकांना दोन बटणं होती तशीच बसली होती, एकीकडे तपकिरी आणि दुसरीकडे पितळी. फक्त एकमेकांपासून जरा लांब गेली होती. एक टेबल असो की शंभर, टोकं दोनच. मध्ये कितीही या, चार-चार या. टोकाच्या दोन खुर्च्या कुणाला मिळत नाहीत आणि कुणी काढूनही घेत नाही.

वहिनींना हसू फुटलं आणि डोळ्यांत पाणीही आलं. त्या एवढंच म्हणाल्या, "अहो, ही बघा. हीच ती दोघं."

मग कागदावर लिहिलं: टेबलं गुणिले चार, अधिक दोन. पाचाला बावीस. साबणांभोवती मोजली, बावीस. उलटं करायचं तर आधी टोकांची दोन बाजूला काढायची, मग चारांनी भागायचं. बेचाळीसातून दोन गेले चाळीस. चाळीस भागिले चार.

"दहा!" वहिनी ओरडल्या. "आणि बाकी शून्य!"

सकाळी पूलवाल्यांना बोलावून सगळं दाखवलं. त्यांनी दोनदा साबण सरकवून पाहिला. "कमाल आहे," ते प्रामाणिकपणे म्हणाले. "टोकं विसरलोच मी."

"तुम्ही बांधलेल्या पुलांवरून मी जातच नाही, बरं झालं," आई म्हणाल्या.

तिसरा अर्ज: दहा टेबलं. व्यवस्थापकाने नऊच्या अर्जावरही 'रद्द' मारला. मग त्याने शिक्का बाजूला ठेवला. नुसता पाहत राहिला, आणि ते बोलण्यापेक्षा जास्त लागलं.

ज्या दिवशी जेवण होतं त्या सकाळी वहिनी सगळ्यांच्या आधी सभागृहात पोचल्या. टेबलं मोजली. नऊ. पुन्हा मोजली, खांबामागेही पाहिलं. मग त्यांची नजर कोपऱ्यात गेली. व्यवस्थापक एका टेबलाशी बसून चहा पीत होता. ते टेबल ओळखीचं वाटलं.

"दहावं हे का?"

"हे कार्यालयीन आहे."

"अर्ज दहाचा मंजूर आहे."

"मंजूर आहे. टेबल कार्यालयीन आहे."

अशा वेळी सामान्य माणूस आवाज चढवतो. वहिनींनी ठेवणीतल्या कपड्यांचा विचार न करता सरळ गुडघे टेकले, मान वाकडी केली आणि टेबलाच्या खालून पाहिलं. खाली पांढऱ्या रंगाने आकडा रंगवलेला होता. "दहा," त्या खालूनच म्हणाल्या. "'कार्यालयीन' असं इथे काही लिहिलेलं नाही. तुमच्याकडे कुठे लेखी आहे का?"

लेखी म्हटल्यावर त्या माणसाचा कणाच गेला. शिक्के, टाचण्या, चहाचा कप, सगळं खिडकीत गेलं. दहावं टेबल रांगेला लागलं. पहिल्या टेबलाच्या टोकाशी आईंची खुर्ची, पार दुसऱ्या टोकाला पूलवाले. पितळी बटण जिथे होतं तिथेच.

माणसं आली. ऐकू न येणाऱ्या मैत्रिणीला तिच्या सुनेशेजारी बसवलं. दिरांची मुलं खुर्च्यांसाठी भांडली, ते मिटलं. जेवणवाल्याची माणसं वाढू लागली, पण वहिनींचा त्यांच्यावर विश्वास नव्हता. भाजीची पळी हातात घेऊन त्या मागून फिरत होत्या. शेवटी त्या आईंच्या टोकाशी येऊन थांबल्या आणि त्यांनी ती लांबच लांब रांग डोळे भरून पाहिली. एक खुर्ची रिकामी नाही. एक माणूस उभा नाही. पूलवाल्यांनी तिकडून अंगठा वर केला. ताटांतून वाफा निघत होत्या.

"सुरू करा ना, आई."

"सगळे बसू देत."

"बसले की. बेचाळीसच्या बेचाळीस."

"मोज बरं एकदा."

वहिनींनी मोजले. एवढा आनंद कुणी सोडतं का? या बाजूचे वीस, त्या बाजूचे वीस, टोकांचे दोन. "बेचाळीस. एकही उभं नाही."

आईंनी हात मांडीवरच ठेवला होता. "एक आहे," त्या म्हणाल्या. "हातात पळी घेऊन."

सभागृहात इतकं शांत झालं की ऐकू न येणाऱ्या मैत्रिणीनेही वर पाहिलं. वहिनींनी पळीकडे पाहिलं, मग टेबलाकडे, मग पुन्हा पळीकडे. घरचे तीन. तीनदा मोजलेले. तिन्ही वेळा तीन. बेचाळीस बटणांना जागा दिली, कुणाला मोती, कुणाला पितळ. आणि डबा धरणारा हात?

"मी... मी मागून बसते हो, आई," त्या पुटपुटल्या. कान तापले होते. सात चुकलं, नऊ चुकलं, त्याचं एवढं नव्हतं वाटलं. "मला काय, आत कुठेही दोन घास..."

बोलता बोलताच त्यांना स्वतःचं वाक्य ऐकू आलं, आणि त्या मध्येच थांबल्या.

"हेच म्हणणार हे मला साबणांच्या दिवशीच कळलं होतं," आई म्हणाल्या आणि दाराकडे वळून हाक मारली, "आणा हो!"

दारातून व्यवस्थापक आला. दोन्ही हातांत एक खुर्ची. "आजी परवा येऊन सांगून गेल्या," तो वहिनींची नजर चुकवत म्हणाला. "तोंडी. मी तोंडी घेत नसतो कधी." त्याने खुर्ची आईंच्या खुर्चीला चिकटून ठेवली, रुमालाने पुसली आणि आपल्या खिडकीकडे निघून गेला.

"आई, टोकाला एकच बसतं," वहिनींनी शेवटचं म्हणून पाहिलं. "मावत नाहीत दोघी."

"मी काय एवढी जाडी आहे? सरक म्हटलं की सरकते." आई सरकल्या. 'अहों'नी उठून वहिनींच्या हातून पळी काढून घेतली, जेवणवाल्याच्या माणसाकडे दिली, आणि परत आपल्या जागी बसले. चोवीस वर्षांत इतकं शहाणपण त्यांनी एका वेळी कधी दाखवलं नव्हतं.

वहिनी बसल्या. आईंचा खांदा त्यांच्या खांद्याला लागला होता. ताट आलं. आईंनी पहिला घास घेतला तशी सगळ्या टेबलावर हालचाल सुरू झाली.

तेवढ्यात पार पलीकडच्या टोकावरून पूलवाले ओरडले, "वहिनी! दहा टेबलं आणि माणसं त्रेचाळीस? नियम चुकला की काय?"

चाळीस माना वहिनींकडे वळल्या. उत्तर तयार होतं. तिसरा कुठून आला, कुठल्या टोकाला बसला, रकान्यात तो कसा मांडायचा, सगळं. पण वहिनींनी नुसता हात वर करून 'थांबा' अशी खूण केली. त्यांच्या तोंडात घास होता, आणि तो चांगलाच गरम होता.